खांद्यावरचा स्पूल रेकॉर्डर: काही महिने वापरल्यावर

आधी निकालच सांगून टाकतो. चांगल्या आवाजासाठी म्हणून जुना पोर्टेबल स्पूल टेपरेकॉर्डर घेणार असाल तर घेऊ नका. खिशात मावणारा साधा डिजिटल रेकॉर्डर त्याहून स्वच्छ आवाज भरतो, तासन्‌तास चालतो आणि त्याला तेलपाणी लागत नाही. पण टेप हातात धरावी, ब्लेडने कापावी, उलटी लावावी, आठपट सावकाश चालवून ऐकावी, असली खाज असेल तर पुढे वाचा. मला ती होती आणि त्या कामात यंत्राने मला निराश केलेलं नाही.

माझं यंत्र १९७० च्या आसपासचं आहे. स्टीरिओ, १३ सेंटिमीटरच्या, म्हणजे पाच इंची स्पूलचं, आणि सेकंदाला १९, ९.५, ४.७ व २.४ सेंटिमीटर अशा चार वेगांचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पन्नास वर्षांनी उरलेले दोष कंपनीचे नसतात. यंत्र कुठल्या कपाटात, किती दमट हवेत पडून होतं, त्याचे असतात. या घाटाची यंत्रं गाजवली ती म्युनिकच्या उहेरने, १९६१ च्या ४००० रिपोर्टपासून. रेडिओच्या वार्ताहरांच्या खांद्याला वर्षानुवर्षं तीच लटकलेली असत. स्टेफान कुडेल्स्कींचं स्विस नाग्रा त्याच्या वरच्या वर्गातलं, सिनेमावाल्यांचं. ते वजनालाही भारी आणि हौशी माणसाच्या खिशालाही.

घेताना बहुतेक जण बाहेरचं चामडी कव्हर आणि चकचकीत बटणं बघतात. मी हेड बघतो, म्हणजे टेपवर आवाज भरणारा आणि वाचणारा भाग. टेप घासून घासून हेडवर सपाट पट्टा पडतो. पट्ट्याच्या कडेला नख अडकत असेल तर ते यंत्र तिथेच ठेवून यावं. ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आजही मिळतात, झिजलेल्या हेडच्या जागी नवं मिळणं मुश्किल. त्यानंतर सेलचा कप्पा उघडायचा. सेल गळून हिरवट बुरशीसारखं काही चढलं असेल तर ते तारांमधून आत कुठवर गेलंय, याचा अंदाज बाहेरून येत नाही.

आणखी एक गोष्ट विकणाऱ्याला आधीच विचारा: यंत्र दोन ट्रॅकचं की चार ट्रॅकचं, म्हणजे टेपच्या रुंदीत आवाजाच्या किती पट्ट्या मावतात? उहेरमध्ये ४२०० म्हणजे दोन ट्रॅकचं स्टीरिओ आणि ४४०० म्हणजे चार ट्रॅकचं. दिसायला जुळे भाऊ. चार ट्रॅकवाल्यात टेप पालटून दुसऱ्या बाजूनेही भरता येते, म्हणजे टेप वाचते. दोन ट्रॅकवाल्यात स्टीरिओ आवाज टेपची सगळी रुंदी खातो. म्हणून स्पूल पालटून लावला की तेच रेकॉर्डिंग शेवटाकडून सुरुवातीकडे, उलटं वाजतं. फक्त डावं-उजवं बदलतं. प्रयोग करायचे असतील तर दोन ट्रॅकचंच घ्यावं, माझं मत पक्कं आहे.

आता देखभाल. घरी आणल्यावर लगेच सेल घालून बटण दाबायचा मोह आवरावा. आतलं जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं असतं आणि मोटर त्याच्याशी झगडत बसते. ते पुसून काढायचं आणि बेअरिंगला पातळ तेलाचा एकच थेंब द्यायचा. जास्त झालं तर ते रबरावर जातं आणि मोटरचा बेल्ट घसरायला लागतो. माझ्या यंत्रातला एक बेल्ट हात लावताच काळ्या चिकट लगद्यासारखा बोटांना लागला; तो पुलीच्या खाचेतून कापसाच्या काडीने काढण्यात एक दुपार गेली. नवा बेल्ट बसवायला मात्र पाच मिनिटं. हेड आणि कॅप्स्टनला (टेप ओढणाऱ्या फिरत्या दांडीला) आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. टेप त्या दांडीवर दाबून धरणाऱ्या पिंच रोलरच्या रबरावर ते फार वापरू नये, रबर कडक होतं. हेड डीमॅग्नेटाइज करताना, म्हणजे त्यात साचलेलं चुंबकत्व काढताना, यंत्र बंद हवं आणि भरलेल्या टेपा दूर. डीमॅग्नेटायझर चालू ठेवूनच हळूहळू हातभर लांब न्यायचा आणि मग बंद करायचा. जवळच बंद केला तर हेड आणखी चुंबकित होतं.

वेग तपासायची एक युक्ती सांगतो, कारण यात भले भले फसतात. स्वतःच्याच यंत्रावर भरून स्वतःच ऐकलं तर वेग चुकलेला कळतच नाही. भरतानाची चूक ऐकताना फिटते. म्हणून टेपवर पेन्सिलीने दोन खुणा करायच्या, ५.७२ मीटर अंतरावर. ९.५ च्या (नेमक्या ९.५३ च्या) वेगाला हे अंतर बरोबर ६० सेकंदांत हेडसमोरून जायला हवं. सेकंदभराचा फरक म्हणजे पावणेदोन टक्के, अर्ध्या सुराच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तेवढा मी चालवून घेतो.

सेलची कटकट वाटली त्यापेक्षा कमी निघाली. पाच मोठे सेल लागतात. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घातले तर ६ व्होल्ट मिळतात आणि यंत्राचं त्यावर भागतं. जुना मूळ अॅडॉप्टर मात्र मल्टिमीटरने तपासल्याशिवाय लावू नका. डिन सॉकेटचंही (बाहेरची तार जोडायच्या जुन्या गोल, अनेक पिनांच्या सॉकेटचंही) तसंच. त्यातली ‘रेडिओ’ची वाट काही मिलिव्होल्टसाठी बनलेली असते, फोनमधून येणारा सिग्नल त्याच्या शेकडो पट. तारेत मोठा रेझिस्टर घातला नाही तर सगळं फाटकं ऐकू येतं आणि लोक यंत्राला दोष देतात.

टेप नवीच घ्या. रेकॉर्डिंग द मास्टर्स या कंपनीची एलपीआर ३५ या यंत्रांना सोयीची. ३५ मायक्रॉन जाडीची, पाच इंची स्पूलवर २७० मीटर बसते. ९.५ वर पाऊण तासाहून थोडं जास्त चालते. जुन्या टेपांमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या, मागून काळा लेप असलेल्या टेपा विशेष सांभाळा. त्यातल्या बऱ्याच जणींचा बाइंडर (चुंबकी कण टेपला धरून ठेवणारा थर) हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो आणि हेडवर तपकिरी राड साचते. त्याहूनही जुनी टेप मिळाली तर स्पूल उजेडासमोर धरा. कडेने उजेड आरपार दिसला तर ती अॅसिटेटची. ती ताणत नाही, सरळ तुटते.

आता मजेचा भाग. १९ वर चिमण्यांचा चिवचिवाट भरला आणि २.४ वर ऐकला. वेग एक अष्टमांश, म्हणजे आवाज तीन सप्तकं खाली. ४००० हर्ट्‌झची किलबिल ५०० वर. जे कानाला नुसतं ‘चिव’ वाटतं त्यात केवढा चढ आणि उतार असतो, ते तेव्हा समोर येतं. मागची हवा मात्र गडगडाटासारखी ऐकू येते, आणि टेपची सळसळही तितकीच.

दुसरा प्रयोग काचेच्या पेल्याचा. चमच्याने पेला वाजवला, १९ वर भरला, मग स्पूल हाताने पुढेमागे फिरवत आघात कुठे सुरू होतो ते शोधलं. तिथे पेन्सिलीची खूण, ४५ अंशांत काप, पुढची तीनेक सेंटिमीटर टेप काढून टाकली आणि उरलेलं चिकटपट्टीने जोडलं. गेलं ते जेमतेम दीड दशांश सेकंद, पण उरलेला नाद पेल्याचा आहे हे कुणालाच ओळखता आलं नाही. एकजण बासरी म्हणाला. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी पॅरिसमध्ये १९४८ साली घंटेवर हेच केलं होतं, तेही तबकड्यांवर.

टेपचं कडं करायचं तर ३८ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. १९ वर ते दोन सेकंदांनी फिरून येतं, २.४ वर सोळा सेकंदांनी. सैल पडू नये म्हणून बाहेर उभी पेन्सिल धरावी लागते आणि झाकण उघडं ठेवावं लागतं. जुनं पुसणाऱ्या इरेज हेडवर प्लास्टिकची पातळ पट्टी ठेवली तर जुन्यावर नवं चढवता येतं. पण प्रत्येक थराला बायस (भरताना आवाजात मिसळला जाणारा, कानाला न ऐकू येणारा सिग्नल) खालच्या थराचे वरचे सूर थोडे पुसून टाकतो. चार-पाच थरांनंतर सगळं घुमं होतं. मला ते घुमेपणच आवडतं, हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न.

तक्रारी आहेतच. गुंडाळायला इतका वेळ लागतो की मी ते काम चहाच्या वेळेला ठेवतो. सेल, टेपा आणि कव्हरसकट खांदा दुखतो. शांत खोलीत माइक यंत्राजवळ ठेवला तर मोटरची घरघर भरली जाते, तेव्हा लांब तारेचा माइक हवाच. टेपा ऐकून झाल्यावर परत मागे न गुंडाळता, शेवट बाहेर ठेवून साठवाव्यात. मग शेजारच्या थराचा ठसा उमटलाच तरी त्याचा बराचसा भाग मूळ आवाजाच्या नंतर येतो आणि त्यातच झाकला जातो. उजव्या चॅनेलमध्ये अधूनमधून खरखर येते. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर संशय आहे. सोल्डरिंगचं सामान काढून ठेवलंय, सवड मिळाली की एकेक बदलणार.