१९३० हेल्पलाइन : साडेतीन तारे

सायबर फसवणुकीसाठीच्या पोलिसांच्या १९३० या हेल्पलाइनला मी पाचपैकी साडेतीन तारे देते. बँकेत नोकरी करून निवृत्त झाले आहे, त्यामुळे चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात किती झपाट्याने पळतो ते मला चांगलं माहीत आहे.

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या शेजारच्या काकांना खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ केलं. अंगावर वर्दी, मागे बोधचिन्ह. कायद्यात अशी अटकच नाही, पण घाबरलेल्या माणसाला ते कुठून सुचणार? दीड लाख गेले. काकू रडत आल्या, तेव्हा मी आधी १९३० लावला.

पलीकडची मुलगी शांतपणे मराठीत बोलली. “यूटीआर नंबर, म्हणजे बँक व्यवहाराचा क्रमांक, सांगा ताई. किती वाजता गेले? कुठल्या बँकेतून?” ‘एवढे शिकलेले असून फसलात कसे’ असलं एक अक्षर नाही. मला तेच सगळ्यात जास्त आवडलं. तक्रार नोंदली की लगेच समोरच्या बँकेला कळतं; पैसे तिथे असतील तर गोठवतात, सरकले असतील तर पुढच्या बँकेला निरोप जातो. निम्म्याहून जास्त रक्कम अडवता आली. मग एसएमएसने आलेला क्रमांक घेऊन सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर रीतसर तक्रार भरली.

दहा वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. पोर्टल २०१९ चं, हेल्पलाइन २०२१ ची; तेव्हा नंबर १५५२६० होता. त्याआधी ग्राहक आमच्या काउंटरवर यायचा, आम्ही त्याला पोलीस ठाण्यात पाठवायचो, आणि ठाण्याचं पत्र येईपर्यंत खातं रिकामं झालेलं असायचं.

दीड तारा कापला तो पुढच्या कामासाठी. गोठलेली रक्कम परत मिळवायला काकांना न्यायालयात अर्ज करावा लागला, त्यावर पोलिसांचा अहवाल हवा, आणि तपास अधिकारी बंदोबस्तावर! आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे हा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. मोर्चे, विसर्जन, व्हीआयपी दौरे यांनाही निरीक्षकच लागतात. त्यात आता सिंहस्थ कुंभमेळा. २००३ ची चेंगराचेंगरी नाशिककर विसरलेले नाहीत, त्यामुळे घाटावर पोलीस हवेतच. पण सायबर तपासाचे निरीक्षक तरी त्या बंदोबस्तातून वगळावेत, अशी माझी कळकळीची मागणी आहे.