नॅशनल हरिकेन सेंटरचं बुलेटिन: टॅम्पात सात मोसम वाचल्यानंतर

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार रात्र. श्रीवर्धनहून अण्णांचा फोन आला, त्यांच्याकडे मंगळवारची सकाळ होती. "टीव्हीवर सांगतायत, तुमच्या त्या मिल्टन वादळाचा वारा ताशी दोनशे पंच्याऐंशी किलोमीटर. अगं, भर समुद्रात तो मोजला कोणी?"

अण्णांनी ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ घरात बसून काढलंय. मागची रोठा सुपारीची वाडी त्या दुपारी आडवी झाली. त्यामुळे त्यांचा प्रश्न कुतूहलाचा नव्हता. आकडा खरा असेल तर लेकीने घर सोडायला हवं, एवढाच त्यांचा हिशेब होता. मला उत्तर देता आलं, कारण मी फ्लोरिडातल्या टॅम्पात आल्यापासून दर जून ते नोव्हेंबर एकच संकेतस्थळ वाचते आहे. हे परीक्षण त्याचंच.

नॅशनल हरिकेन सेंटर हे अमेरिकी सरकारचं कार्यालय मायामीत, फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे. अटलांटिक आणि पूर्व प्रशांत महासागरातल्या वादळांवर त्यांची नजर असते. सेवा फुकट, नोंदणी नाही, जाहिराती नाहीत. दर सहा तासांनी नवं बुलेटिन येतं: आमच्या वेळेने पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५, रात्री ११. किनाऱ्याला इशारा लागू झाला की मधल्या तीन तासांनीही येतं. पान दिसायला जुनाट आहे, बरंचसं साध्या टाइपात. मला ते आवडतं, कारण वीज गेल्यावर फोनला जेमतेम रेंज असतानाही मजकूर उघडतो.

नव्याने आलेले मराठी लोक तिथे जाऊन फक्त रंगीत चित्र पाहतात, तो पांढरा शंकू. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तोच फिरतो: "आपण शंकूच्या बाहेर आहोत, काळजी नको." हे वाचलं की माझा जीव खालीवर होतो. तो शंकू म्हणजे वादळाचा आकार नाही. वादळाचा मधला बिंदू कुठून जाईल, त्याचा तो अंदाज. मागच्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले ते बघून, तीनातल्या दोन वेळा केंद्र आत राहील एवढी त्याची रुंदी धरतात. म्हणजे तीनात एकदा केंद्रच बाहेर जाणार, हे मुळात धरलेलं आहे. पाणी, पाऊस, वारा यांचा तर त्या रेघेशी संबंधच नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळाचं केंद्र आमच्यापासून शंभरावर मैल दूर, समुद्रातूनच वर गेलं. तरी टॅम्पाच्या उपसागराचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं आणि शेजाऱ्यांच्या गॅरेजमधला फ्रीज तरंगला.

माझ्या मते या सेवेतला खरा ऐवज आहे 'डिस्कशन' नावाचं पान. त्याला चित्र नाही, चार-पाच परिच्छेद असतात आणि खाली ते लिहिणाऱ्या अंदाजकाराचं आडनाव. वादळाची ताकद आत्ता किती धरली, कशावरून धरली, कुठल्या दोन मोजमापांत मेळ बसत नाही आणि पुढच्या अंदाजावर आपला स्वतःचा भरवसा किती, हे सगळं तिथे सांगितलेलं असतं. मी दुसऱ्या कुठल्याही सरकारी कागदावर इतक्या सरळपणे "इथे आमची खात्री कमी आहे" असं लिहिलेलं वाचलेलं नाही. भाषा सुरुवातीला जड वाटते, पण महिनाभर वाचलं की सरावते.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळतं. वादळ दूर समुद्रात कोवळं असतं तेव्हा बहुतेक वेळा उपग्रहाचं चित्र हाच आधार. व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात बसवलेली पद्धत अजून चालते: ढगांचा पिळा किती घट्ट, डोळा, म्हणजे मधली शांत मोकळी जागा, किती स्वच्छ, भोवतीच्या ढगांचे माथे किती थंड, हे पाहून एक ते आठ असा टी-अंक द्यायचा, अर्ध्या अर्ध्याच्या पायरीने. टी ४ म्हणजे ६५ नॉट (ताशी सुमारे १२० किलोमीटर), नुकतं हरिकेन, म्हणजे इकडचं मोठं चक्रीवादळ, झालेलं. टी ७ म्हणजे १४० नॉट (सुमारे २६० किलोमीटर). आपलं दिल्लीचं केंद्रही अरबी समुद्रातल्या वादळांना हीच मोजपट्टी लावतं. निसर्गच्या वेळी मी रात्रभर भारतीय हवामान विभागाची बुलेटिनं वाचत होते तेव्हा हा टी-अंक पहिल्यांदा पाहिला, आणि तो काय असतो ते शोधता शोधता पहाट झाली.

पण ढग बघून काढलेली ताकद ही शेवटी लांबून नाडी बघण्यासारखी. अमेरिकेत वादळ किनाऱ्याच्या टप्प्यात आलं की विमान आत पाठवतात. हवाई दलाची विमानं मिसिसिपीतल्या बिलॉक्सीजवळच्या कीझलर तळावरून निघतात आणि नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेची लेकलँडहून, म्हणजे आमच्यापासून पाऊण तासाच्या अंतरावरून. मोठ्या वादळात साधारण दहा हजार फुटांवरून ती डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीतून आरपार जातात. त्या उंचीवरच्या वाऱ्याचा सुमारे नव्वद टक्के भाग पृष्ठभागावर धरायचा, हा ठोकताळा. शिवाय पॅराशूट लावलेलं छोटं नळकांडं खाली सोडतात, ते समुद्रात पडेपर्यंत दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत राहतं. पंखाखालचं आणखी एक उपकरण समुद्रावरच्या फेसाच्या उत्सर्जनावरून पृष्ठभागाचा वारा काढतं. ही तिन्ही मोजमापं एकमेकांशी भांडतात, आणि त्यातून अंदाजकार एक आकडा ठरवतो, तोही पाच-पाच नॉटच्या पायरीने. हे सगळं मी अण्णांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "माणसं जातात आत?"

जातात. आणि त्यांचे निरोप याच संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. डोळ्यातून गेल्यावर विमान एक ठरावीक साच्याचा संदेश पाठवतं: केंद्र कुठे, दाब किती, डोळ्याचा व्यास किती. ८ ऑक्टोबरला मिल्टनच्या डोळ्यातून आलेल्या अशा एका संदेशात आकड्यांच्या शेवटी पीटर डॉज हे नाव होतं, १९५० ते २०२३ अशी वर्षं, आणि ३८७ हा आकडा. डॉज हे हरिकेनवर काम करणारे रडार-शास्त्रज्ञ, हयातीत ३८६ वेळा डोळ्यातून गेलेले. सहकाऱ्यांनी त्यांच्या अस्थी मिल्टनच्या डोळ्यात विसर्जित केल्या आणि ती फेरी त्यांच्या खात्यावर लिहिली. मी ते आईला वाचून दाखवलं. आईने हात जोडले.

मिल्टनचंच उदाहरण घेते, कारण वादळाची ताकद जन्मापासून शेवटपर्यंत कशी वाचायची ते मला त्याने शिकवलं. ५ ऑक्टोबरला मेक्सिकोच्या आखाताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात नाव मिळालं. रविवारी दुपारी नुकतं हरिकेन झालं होतं, सोमवारी दुपारी ताशी १८० मैल (अण्णांनी ऐकलेले दोनशे पंच्याऐंशी किलोमीटर ते हेच), पाचवी, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. चोवीस तासांत ३५ मैलांची वाढ झाली तरी तिला झपाट्याची वाढ म्हणतात, इथे ती नव्वदच्या वर गेली. डोळा आकसून जेमतेम सहा-सात किलोमीटरचा झाला होता. सगळ्या वाहिन्यांवर तोच आकडा. पण डिस्कशनमध्ये दुसरंच चाललं होतं: इतका बारीक डोळा टिकत नाही, बाहेरून दुसरी भिंत तयार होईल, आतली विरेल, वाऱ्याचा आकडा उतरेल आणि वादळ मात्र पसरेल. शिवाय फ्लोरिडाजवळ वरच्या थरातला वारा त्याला तिरपं करेल. झालंही तसंच. मंगळवारी ते पुन्हा पाचवर चढलं, पण बुधवारी, ९ तारखेला रात्री साडेआठच्या सुमारास सिएस्टा कीजवळ जमिनीवर आलं तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होतं.

आमच्या ग्रुपवर मात्र बुधवारी सकाळपासून "पाचावरून चार झालं, आता तीन होणार" असे निःश्वास सुरू होते, आणि दोन कुटुंबं निघता निघता थांबली. मी त्यांना फोन करून तो परिच्छेद मराठीत वाचून दाखवला: श्रेणी उतरली तरी वाऱ्याचा पट्टा रुंदावतो आहे. श्रेणी फक्त एका मिनिटाच्या सरासरी कमाल वाऱ्यावर ठरते. या श्रेणी बसवणाऱ्या सॅफिर आणि सिम्पसन यांच्या मूळ पट्टीत दाब आणि समुद्राची उंचीही होती, २०१० मध्ये ते काढून टाकलं, कारण पाणी श्रेणीप्रमाणे वागत नाही. म्हणून इथे वादळाच्या पाण्याचा इशारा २०१७ पासून वेगळा निघतो. मी सांगेन, आधी तो उघडा आणि श्रेणी नंतर पाहा. आपल्याकडच्या आकड्यांशी तुलना करणाऱ्यांसाठी आणखी एक: भारतात तीन मिनिटांची सरासरी धरतात, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे सरळ शेजारी ठेवू नका. निसर्ग 'तीव्र चक्रीवादळ' होतं, ८९ ते ११७ किलोमीटरच्या गटातलं. कागदावर तो आकडा मिल्टनपुढे काहीच नाही. अण्णांच्या वाडीला तसं सांगून बघा.

आम्ही मंगळवारी निघालो. आमचं घर बी झोनमध्ये, हिल्सबरो काउंटीने ए आणि बी दोन्ही रिकामे करायला सांगितले होते. हेलीनमध्ये भिजलेल्या गाद्या, कपाटं अजून रस्त्याच्या कडेला ढिगाने पडलेली. घटस्थापना होऊन सहा दिवस झालेले, आईने घट मांडीवर घेतला, उगवलेलं धान्य ओढणीने झाकलं. अखंड दिवा निघताना शांत करून गेन्सव्हिलला मैत्रिणीकडे पोचल्यावर पुन्हा लावला. दोन तासांच्या रस्त्याला सहा तास लागले, वाटेत तीन पंपांवर पेट्रोल नव्हतं. सातव्या माळेच्या रात्री आम्ही सगळे एका लॅपटॉपभोवती बसलो होतो.

आता तक्रारीचा भाग. टॅम्पाच्या उपसागरात पाणी १० ते १५ फूट चढू शकतं असा इशारा होता, आणि प्रत्यक्षात केंद्र दक्षिणेला सरकल्यामुळे आमच्या उपसागरातलं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं. परतल्यावर अनेकांनी म्हटलं, उगाच पळवलं. मला हे पटत नाही. तो आकडा 'ऐन भरतीला वाईटात वाईट झालं तर' या अटीसह छापलेला असतो. केंद्र थोडं उत्तरेकडून आलं असतं तर पाणी आमच्यावर आलं असतं. शिवाय सेंट पीटर्सबर्गला १८ इंचांहून जास्त पाऊस पडलाच, आणि केंद्र किनाऱ्याला लागायच्या कितीतरी आधी, राज्याच्या पार पूर्वेला सेंट लुसी काउंटीत वावटळींनी सहा माणसं नेली. श्रेणीच्या आकड्यात यातलं काहीही दिसत नाही.

खरी मर्यादा आहे ती ताकदीच्या अंदाजाची. मार्ग बऱ्यापैकी सांगता येतो, ताकद अजून दगा देते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस वादळ मेक्सिकोतल्या ॲकापुल्कोकडे निघालं तेव्हा संगणकांच्या प्रतिमानांना त्याची वाढ दिसलीच नाही. दुपारी विमान आत गेलं तेव्हा कळलं की उपग्रहावरून वाटत होतं त्याहून ते कितीतरी बळकट आहे, आणि मध्यरात्रीनंतर ते पाचव्या श्रेणीत शहरावर आदळलं. म्हणून बुलेटिन एकदा वाचून झोपायचं नाही. नवं आलं की नवं वाचायचं.

दहा दिवस आधीपासून रंगीत रेघांचा गुंता दाखवणारी ॲप्स मी काढून टाकली आहेत. २०२२ मध्ये अशाच एका ॲपवर विसंबून माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने टॅम्पा सोडलं आणि ते फोर्ट मायर्सच्या दिशेला गेले, जिथे शेवटी इअन वादळ आलं. ती माणसं वाचली, गाडी नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर डिस्कशनला पाच, विमानांच्या नोंदींना पाच, पाण्याच्या नकाशाला साडेचार, शंकूच्या चित्राला तीन. मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये मिळतो, आपल्या आईवडिलांसाठी मराठी आपल्यालाच करावं लागतं. वेळेचा पट्टाही तपासा: वादळ आखाताच्या पश्चिमेला असताना बुलेटिनवर तिकडची वेळ असते, आमच्यापेक्षा तासाने मागे.

एक शेवटचं, जे बहुतेक जण वाचतच नाहीत. वादळ संपल्यावरही काम चालू राहतं. प्रत्येक वादळाच्या विमानांच्या, समुद्रात तरंगणाऱ्या बोयांच्या, रडारच्या नोंदी पुन्हा तपासून जन्मापासून विरेपर्यंतचा अहवाल निघतो, आणि त्यात आपलेच आकडे दुरुस्त केलेले असतात. इअनला त्या वेळी चौथ्या श्रेणीपर्यंतच धरलं होतं. अहवालात ते थोडा काळ पाचवर गेल्याचं निघालं. १० ऑक्टोबरला अण्णांनी विचारलं, "मग शेवटी किती होतं ते?" मी म्हटलं, अण्णा, पक्कं अजून ठरायचंय. पुढच्या वर्षी मिल्टनचा अहवाल आला, सगळ्यात कमी दाब ८९७ नव्हे, ८९५ मिलिबार (दाब जितका कमी, तितकं वादळ बळकट). मी फोन केला. सुपारीचा हिशेब लिहायच्या वहीत, निसर्गच्या पानासमोर, त्यांनी तो आकडा लिहून घेतला आणि वाचून दाखवायला लावून पुन्हा एकदा तपासला.