शील्ड मास्टर घ्यावं की चार्जर? ढकलाढकलीच्या फीट्सचा हिशोब

आमच्या इकडं संभाजीनगरला डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) खेळणारी पोरं वाढायलीत, आणि फायटर (लढवय्या) घेतलेला जवळपास प्रत्येकजण चौथ्या लेव्हलला आला की हेच विचारतो: शील्ड मास्टर घेऊ का चार्जर? स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) 17 असेल तर दोन्ही फीट (कॅरेक्टरला मिळणाऱ्या खास क्षमता) ती 18 करतात, म्हणजे तिथं काही फरक पडत नाही. फरक पुढं आहे, आणि तो तुमच्या कॅरेक्टरपेक्षा तुमच्या पार्टीवर (सोबतच्या गड्यांवर) आणि डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) मॅपवर जास्त अवलंबून आहे. मी 2024 च्या नियमांचं बोलतोय, आधीच्या 2014 च्या नियमांचं शेवटी सांगतो.

चार्जरमध्ये काय मिळतं तर डॅश (जादा पळायची ॲक्शन) केलं की त्या डॅशपुरता स्पीड 10 फूट वाढतो, आणि सरळ रेषेत निदान 10 फूट धावत जाऊन लगेच मेलीचा (जवळून केलेला) वार लागला की एकतर 1डी8 (आठ बाजूंचा एक फासा) जास्तीचं डॅमेज नाहीतर समोरच्याला 10 फूट मागं, टर्नला एकदाच. शील्ड मास्टरमध्ये वार लागला की ढालीनं हाणायचं, समोरच्यानं स्ट्रेंग्थ सेव्ह (वाचण्यासाठीचा फासा) मारायचा, नाही जमला तर 5 फूट मागं किंवा सरळ आडवा. हे पण टर्नला एकदाच.

आता यातली खरी गोम बघा. चार्जरच्या ढकलण्याला सेव्ह नाही. वार लागला की माणूस मागं गेलाच. ढालीच्या धक्क्याला सेव्ह आहे आणि तो पण स्ट्रेंग्थचा, म्हणजे ज्याला पाडायची सगळ्यात जास्त गरज असते तोच त्यात तगडा असतो. ओगर (धिप्पाड राक्षस) घ्या, त्याचा सेव्ह अधिक 4. चौथ्या लेव्हलला तुमचा डीसी (त्यानं गाठायचा आकडा) 14, म्हणजे ओगर 45 टक्के वेळाच पडणार. तेच समोर किडमिडीत जादूगार असेल, स्ट्रेंग्थ 8 वाला, तर 70 टक्के. म्हणून शील्ड मास्टर घेणाऱ्यानं मोठ्या धिप्पाड गड्यापुढं उभं राहण्यापेक्षा मागच्या तिरंदाज-जादूगारांपर्यंत पोचायचं बघावं, तिथं ही फीट लई भारी चालते.

आडवा पडलेला माणूस ऐकायला छान वाटतो पण तो किती वेळ पडलेला राहणार हे कुणी मोजत नाही. त्याची टर्न आली की अर्धा स्पीड खर्चून तो उठतो. म्हणजे तुमच्या टर्ननंतर आणि त्याच्या टर्नच्या आधी तुमचे किती मित्र जवळून वार करणार, तेवढाच फायदा. तुमच्यामागं लगेच रोगची (चोरट्या क्लासवाल्याची) टर्न असेल तर सोनं, त्याला ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा) मिळतो, स्नीक अटॅक (त्याचं जादा डॅमेज) लागतो. पण पार्टीत दोन तिरंदाज आणि एक एल्ड्रिच ब्लास्टवाला वॉरलॉक असेल तर तुम्ही त्यांचं नुकसानच करायलात, कारण 5 फुटांच्या बाहेरून मारणाऱ्याला आडव्या माणसावर डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान) लागतो. भाला घेऊन 10 फुटांवरून मारणाऱ्यालाही लागतो बरं का, हे बरेचजण विसरतात.

आणि एकट्यासाठी बघितलं तर? चौथ्या लेव्हलला फायटरला एकच अटॅक, तो लागल्यावर धक्का, म्हणजे ॲडव्हान्टेज वापरायला स्वतःकडं दुसरा वारच नाही (ॲक्शन सर्ज, म्हणजे फायटरची जादा ॲक्शन, सोडून). पाचव्याला दुसरा अटॅक येतो. 65 टक्के लागणारा वार ॲडव्हान्टेजनं साधारण 88 वर जातो, लाँगस्वोर्डच्या सरासरी साडेआठ डॅमेजवर ते जेमतेम दोनेक पॉइंट होतात, आणि तेही धक्का बसला तर. चार्जरचा डी8 सरासरी साडेचार देतो. एकट्याच्या हिशोबात चार्जर पुढं आहे, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही.

पण चार्जरला जागा लागते. मॅपवर ते लगेच कळतं. समजा डीएमनं आपला देवगिरी किल्ला घेतलाय. सगळीकडून तासलेला कडा, खाली खंदक, आत जायला एकच पूल आणि पुढं अंधारी (अंधारी भुयारी वाट). अंधारीत चार्जर जवळपास झोपला, वळणावळणाच्या अंधाऱ्या वाटेत सरळ 10 फूट मिळणार कुठं? पुलावर मात्र लोकांना वाटतं की ढकलणाऱ्याची चांदी, आणि तिथंच फसतात, कारण ढकललं की माणूस तुमच्यापासून सरळ लांब जातो. तुम्ही पुलाच्या लांबीत समोरासमोर उभे असाल तर तो पुलावरूनच मागं सरकणार, खंदकात नाही, आणि त्याच्यामागं दुसरा उभा असेल तर सरकणार पण नाही. पूल दोन चौकटी (एक चौकट 5 फुटांची) रुंद असेल तर तिरकं उभं राहून ढकला, मग कडेवरून जातो. खंदक 40 फूट खोल धरला तर 4डी6, सरासरी 14 डॅमेज, वर तो खाली आडवा पडणार आणि परत वर यायला त्याचे दोन-चार राउंड जाणार, ते तर डॅमेजपेक्षा मोठं. काही डीएम कडेवर डेक्स (चपळाईचा) सेव्ह देतात, तसा घरचा नियम आहे का ते फीट घ्यायच्या आधीच विचारून घ्या.

इथं तिसरं नाव घ्यावंच लागतं, क्रशर. बोथट हत्याराचा वार लागला की टर्नला एकदा 5 फूट सरकवता येतं, तेही कुठल्याही बाजूला, मोकळी जागा पाहिजे आणि समोरचा तुमच्यापेक्षा एकापेक्षा जास्त साइज मोठा नको. पुलावर उभं राहायचं असेल तर मी या दोघांच्याही आधी क्रशर घेईन.

हत्यार बघितल्याशिवाय तर निर्णय घेऊच नका. 2024 मध्ये वेपन मास्टरी (हत्यारासोबत मिळणारी खास करामत) आलीय, वॉरहॅमरला पुश आहे, लागला की 10 फूट मागं, सेव्ह नाही. बॅटलॲक्सला टॉपल आहे, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा) सेव्ह हुकला की आडवा. म्हणजे बॅटलॲक्सवाल्या फायटरकडं पाडायचं काम आधीच फुकटात आहे, तो शील्ड मास्टर घेऊन तेच परत विकत घेतो. क्लेरिकला (देवभक्त जादूवाल्याला) मास्टरी नसते, ढाल असते, पुढं उभा राहणारा असेल तर त्याला शील्ड मास्टर जास्त शोभते.

वॉरहॅमर आणि चार्जरची जोडी मात्र एकदा चौकटी मोजून बघाच. शत्रू शेजारी आहे. पहिला वार, पुश, तो आता 15 फुटांवर. तुम्ही सरळ 10 फूट पुढं गेलात, परत शेजारी आलात, आणि दुसरा वार चार्जचा झाला. बाहेरून धावत यायची गरजच नाही, प्रत्येक टर्नला जमतंय. पार्टीत ड्रुइड किंवा रेंजरनं स्पाइक ग्रोथ (जमिनीवर काटे उगवणारी जादू) टाकलं असेल तर 5 फुटाला 2डी4, म्हणजे त्या एका पुशचेच काट्यांतून 4डी4, आणि काट्यांच्या बाहेरूनच 10 फूट धावत येऊन चार्जला डी8 ऐवजी अजून 10 फूट घेतले की परत तेवढंच. फक्त काटे तुम्हालाही लागतात, म्हणून काट्यांच्या कडेवर उभं राहून आत ढकलायचं, मागं धावत जायचं नाही.

साइजचं पण बघा. चार्जरचं ढकलणं तुमच्यापेक्षा एकच साइज मोठ्यापर्यंत, वॉरहॅमरचा पुश लार्ज साइजपर्यंत. पुढं ह्यूज (लार्जच्या वरच्या साइजचे) जायंट, मोठे ड्रॅगन आले की हे बंद, डी8 तेवढा राहतो. शील्ड मास्टरच्या धक्क्याला साइजची अट नाही, ड्रॅगनचा स्ट्रेंग्थ सेव्ह तगडा असतो हे खरं, पण प्रयत्न तरी करता येतो. शिवाय ढालीचा दुसरा भाग आहे, निम्म्या डॅमेजचा डेक्स सेव्ह जमला तर रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नलाही वापरता येणारी झटपट कृती) देऊन डॅमेज शून्य. फायरबॉल, ड्रॅगनचा श्वास, अशा वेळी. जड चिलखतवाल्याची डेक्स 8-10 असते, सेव्ह जमतोच किती, म्हणून मी याला फार भाव देत नाही. पॅलाडिन असाल तर सहाव्या लेव्हलचा ऑरा सेव्हला मदत करतो आणि मग हाच भाग एकदम कामाचा होतो.

म्हणून माझं मत: फायटर, वॉरहॅमर, मोकळे मॅप, तर चार्जर. पॅलाडिन किंवा मास्टरी नसलेला ढालवाला, सोबत जवळून मारणारे दोघं तरी, तर शील्ड मास्टर.

तुमचं टेबल अजून 2014 वर असेल तर चार्जर घेऊच नका. तिथं अख्खी ॲक्शन डॅशला जाते आणि बोनस ॲक्शनला (टर्नमधल्या छोट्या जादा ॲक्शनला) एकच वार मिळतो, पाचव्या लेव्हलनंतर तो सरळ तोटा आहे. 2014 चं शील्ड मास्टर चांगलं आहे, बोनस ॲक्शनला ढकलणं, ॲथलेटिक्सची झुंज (दोघांचे फासे, मोठा आकडा जिंकतो), तुमचं अधिक 6 आणि ओगरचं अधिक 4 असेल तर 57 टक्के तुम्ही जिंकता. फक्त आधी ढकलून मग वार करता येतो का यावर टेबलाटेबलाला वाद होतात, ते डीएमकडून पहिल्याच सेशनला ठरवून घ्या.