रोज अकराला अडणारं बिलिंग आणि नवी पेठेतले दुरुस्तीवाले : ५ पैकी ५

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेल-चादरींचा छोटा कारखाना आहे. ऑफिसात एकच कॉम्प्युटर, दोन कोअरचा (म्हणजे एका वेळी दोनच कामं करू शकणारा), जुना. बिलं, ई-वे बिल, स्टॉक, सगळं त्यावरच. दिवाळीनंतर तो रोज सकाळी अकराला अडायला लागला. माऊस फिरायचा, पण पार्टीचं नाव टाइप केलं तर अक्षर उमटायचं नाही. मग तीन-चार सेकंदांनी सहा-सात अक्षरं एकदम यायची आणि पुन्हा सगळं गप्प. बाहेर टेम्पो भरून उभा आणि बिल निघत नाही. उशीर होतो म्हणून मी ऑफिसातल्या ताईंना दोनदा बोललो, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मशीन ज्यांनी बसवलं होतं, ते म्हणाले, जुनं झालंय, नवीन घ्या, ३८ हजार.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आदल्या आठवड्यात नवी पेठेतल्या या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्यांनी मशीन ठेवून घेतलं नाही. "अकरालाच अडतंय ना? मग अकरालाच येतो," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पावणेअकराला कारखान्यावर हजर.

अकरा वाजले, बिलिंग अडलं. त्यांनी टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्राम किती जोर घेतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला. तो मात्र लगेच उघडला, कारण तो स्वतःच वरच्या प्रायॉरिटीने, म्हणजे आधी पाळी मिळण्याच्या हक्काने, चालतो. डिटेल्समध्ये बॅकअपचा प्रोग्राम दोन्ही कोअर खात बसलेला, प्रायॉरिटी 'हाय'. त्यांनी राइट क्लिक करून ती 'बिलो नॉर्मल' केली. त्याच क्षणी ताईंनी टाइप केलेलं नाव भराभर उमटलं. बॅकअप बंद केला नव्हता, तो चालूच होता.

मग त्यांनी मला बसवून समजावलं. विंडोजमध्ये ० ते ३१ अशा पायऱ्या असतात. साधा प्रोग्राम ८ वर, 'हाय' वाला १३ वर. वरच्याचं काम संपत नाही तोवर खालच्याला पाळी नाही. "अण्णा, तुमचा जॉबर (माग दुरुस्त करणारा) दिवसभर एकाच मागापाशी उभा राहिला तर बाकीच्या मागांचं काय होईल?" हे मला लगेच पटलं. आणि ती तीन-चार सेकंदांनी येणारी अक्षरं? साधारण ४ सेकंद पाळीविना ताटकळलेल्या कामाला विंडोज थोड्या वेळासाठी १५ व्या पायरीवर उचलतं, म्हणजे ते अगदीच उपाशी राहत नाही. आमची बिलं तेवढ्याच घासावर जगत होती.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. टास्क मॅनेजरमधला बदल प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की जातो. तेवढं करून पैसे घेतले असते तरी मला कळलं नसतं, दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा तेच झालं असतं. त्यांनी टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करणारी विंडोजची सोय) बॅकअपचं काम एक्सएमएल फाईल, म्हणजे वाचता-बदलता येणारी मजकुराची फाईल, म्हणून काढलं. तिथे प्रायॉरिटी १ लिहिलेली, म्हणजे 'हाय'; इथे उलटं असतं, आकडा लहान तितकी पायरी वरची. शेड्युलरचा मूळ आकडा ७, म्हणजे 'बिलो नॉर्मल', असतो. कुणीतरी बॅकअप लवकर आटपावा म्हणून मुद्दाम बदलला असणार. तो पुन्हा ७ केला आणि फाईल परत आत घातली. मी म्हणालो, अजून खाली टाका की. ते नको म्हणाले. बॅकअपही व्हायलाच हवा, तो फार तळाला टाकला तर गर्दीच्या दिवशी लांबतच जाईल.

येण्याजाण्यासकट ५०० रुपये घेतले, पावती दिली. बॅकअपला आधी २५ मिनिटं लागायची, आता बिलांची गर्दी असली तर ४० लागतात. तो कधी सुरू होतो हे ताईंना आता कळतही नाही. नवीन मशीन घेतलं नाही.

दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, मोठा सीपीयू घेऊन चढणं अवघड. दुपारी १ ते ४ फोन उचलत नाहीत. सकाळी दहाच्या आत करा.