रेल्वेगावातला प्लॉट की 160 एकर?

1910च्या सुमारास कॅनडाच्या प्रेअरीत पैसे घालायचे तर दोन वाटा होत्या.

रेल्वेगावातला प्लॉट बहुधा 25 फूट रुंद. नकाशावर बँक, हॉटेल, चौक. जागेवर गवतात ठोकलेल्या खुंट्या. इथे विभागीय ठाणं आहे का, हे आधी बघायचं. वाफेच्या गाडीचं इंजिन आणि चालक अशा ठाण्यांवर, साधारण दर दोनशे किलोमीटरला बदलत. तिथेच राउंडहाउस (इंजिनं ठेवायची गोल शेड), कोळशाचा साठा आणि महिन्याचे पगार. बाकीचे थांबे 12-15 किलोमीटरवर, घोडागाडीने धान्य घालून दिवसात परतता यावं म्हणून. त्यांच्या वाट्याला एलेव्हेटर (धान्याचं उंच कोठार), दुकान, फार तर शाळा. 1913मध्ये तेजी बसली. कर्ज मिळेना, गिऱ्हाईक मिळेना, कर मात्र चालूच. थकला की प्लॉट गेला.

दुसरी वाट होमस्टेड, म्हणजे वसून कसण्यासाठी सरकारने दिलेली जमीन. शुल्क 10 डॉलर, जमीन 160 एकर. पण तीन वर्षं, दरवर्षी सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं, नांगरट करायची, मगच मालकीपत्र. खरा खर्च बैल, नांगर, बियाण्याचा. कोपऱ्यावरच्या लोखंडी खुंटाचे आकडे वाचल्याशिवाय अर्ज करू नये: सेक्शन (एक चौरस मैलाचा तुकडा) 11 आणि 29 शाळांसाठी राखीव होते.

राबायची तयारी असेल तर होमस्टेडच. दुरून पैसे लावणाऱ्याने विभागीय ठाणं नसलेल्या गावातला प्लॉट घेऊच नये.