गॅसचा गिझर की विजेचा? आधी घरातली जागा बघा

गॅसचा गिझर घ्यायचा की विजेचा, हे बहुतेक घरांत बिलावरून ठरतं. तर आधी बिलाचाच हिशेब उरकू.

वीस अंशांचं पाणी चाळीस अंशांवर न्यायचं, तर 20 लिटरच्या बादलीला साधारण अर्धा युनिट वीज लागते. त्याच बादलीला एलपीजी जातो 45 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये तीनशे बादल्या धरा. विजेचं युनिट 10 रुपयांनी पडतंय आणि सिलिंडर 900 ला येतंय असं मानलं, तर विजेची बादली पाच रुपयांना, गॅसची तीन रुपयांना. चार माणसांच्या घरात महिन्याकाठी फरक अडीचशे रुपयांच्या आत. तुमच्याकडचे दर घालून बघा, फार वेगळं चित्र निघणार नाही.

वेगात मात्र गॅस सरळ पुढे आहे. सहा लिटरचा, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गिझर चार मिनिटांच्या आत बादली भरतो. 3 किलोवॉटच्या इन्स्टंट विजेच्या गिझरला त्याच बादलीसाठी थंडीत दहा मिनिटं तरी लागतात. 15 लिटरच्या स्टोरेज गिझरमधलं कडकडीत पाणी गार पाण्यात मिसळून जेमतेम दीड बादली होतं, आणि पुढच्या माणसाला वीस मिनिटं थांबावं लागतं. सकाळी शाळा, ऑफिस आणि देवपूजा एकाच तासात उरकणाऱ्या घराला हे जाणवतं. शिवाय गॅस गिझर दोन मोठ्या सेलवर पेटतो, वीज गेली तरी अडत नाही.

इथवर वाचून गॅसकडे कल झुकला असेल तर थांबा, कारण खरा प्रश्न अजून आलेलाच नाही: ही ज्योत कुठली हवा खाणार?

चार बाय सहा फुटांची बाथरूम घ्या, उंची आठ फूट. आतली हवा झाली साडेपाच घनमीटरच्या आत. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते आणि सहा लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला पाऊण-एक किलो गॅस जाळतो. म्हणजे दार-खिडकी लावून घेतली, तर अर्ध्या तासात ती ज्योत बाथरूममधली सगळी हवा मागेल. पण धोका त्याच्या कितीतरी आधी, पाच-दहा मिनिटांतच सुरू होतो. ऑक्सिजन थोडा जरी उतरला तरी गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडर गळलं तर जो उग्र वास येतो, तोही इथे येत नाही, कारण गॅस गळत नसतो, जळत असतो. आंघोळ करणाऱ्याचं डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतली ताकद जाते. कडी उघडावी हे सुचेपर्यंत हात उचलत नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या गिझरच्या बातम्यांमागे बहुतेकदा हेच असतं.

आपल्या आज्यांच्या तांब्याच्या बंबाला मधोमध धुराडं होतं आणि तो बहुधा अंगणात नाहीतर परसात धगधगत असायचा. आपण तीच आग धुराड्याशिवाय आणली आणि साडेपाच घनमीटरच्या बंद खोलीत टांगली.

म्हणून माझं मत ठाम आहे. धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गॅस गिझर बाथरूमच्या आत कुणाच्याही घरी नको. तुमच्याकडे उघडी ड्राय बाल्कनी असेल, तर तो तिथे बसवा आणि तिथून बाथरूमपर्यंत सीपीव्हीसीची गरम पाण्याची लाइन ओढा. साधी पीव्हीसी चालत नाही, ती गरम पाण्याने मऊ पडते. दहा मीटर लाइन ओढली तर नळ सोडल्यावर सुरुवातीला लिटरभर गार पाणी येईल, एवढाच तोटा. ड्राय बाल्कनीला स्लायडिंग खिडक्या बसवून तिची खोली केली असेल, तर मात्र ती उघडी जागा उरली नाही. तिथे गिझर लावला की हिशेब पुन्हा बाथरूमचाच.

“खिडकी आहे ना, मग काही होत नाही,” हे प्लंबरचं ठरलेलं उत्तर. ती खिडकी डिसेंबरात सकाळी साडेसहाला उघडी असते का, हे स्वतःला विचारा. फ्लॅटमध्ये ती बऱ्याचदा डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद उभ्या पोकळीत उघडते, आणि तुमच्या गिझरचा धूर वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये शिरू शकतो. एक्झॉस्ट फॅनचाही भरवसा धरू नका. फॅन हवा बाहेर फेकतो, पण आत यायला खालून वाट नसेल तर त्याचा उपयोग थोडा. आणि गिझरला धुराची नळी असेल, तर जोरदार फॅन तोच धूर उलटा आत ओढू शकतो. ब्रिटनमध्ये 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये गॅसचं उपकरण लावायचंच असेल तर ते सीलबंद प्रकारचं लागतं: हवा बाहेरून घेणारं, धूर बाहेरच सोडणारं, खोलीतल्या हवेशी संबंध नसलेलं. शिवाय तिथे हे काम नोंदणीकृत गॅस इंजिनिअरच करू शकतो. आपल्याकडे गिझर विकणारं दुकानच बहुतेक वेळा त्यांच्या ओळखीचा माणूस पाठवतं.

तेव्हा घ्यायचाच तर खोक्यावर आयएसआय मार्क आणि आयएस 15558 (एलपीजी गिझरचं भारतीय मानक) बघून घ्या. गिझर एलपीजीचा की पाइपच्या गॅसचा, हे आधी ठरवा. दोन्हींचे जेट (गॅस सोडणारी बारीक छिद्रं) वेगळे असतात, एकाचा दुसऱ्यावर चालवायचा नसतो. पाइपच्या गॅसचा वाढीव पॉइंट गॅस कंपनीच्याच अधिकृत माणसांकडून घ्या. शेगडीच्या नळीला टी मारून गिझरला गॅस देणं सरळ नाकारा. नळी आयएसआयची सुरक्षा होज हवी, तिच्यावरची तारीख बघून पाच वर्षांनी बदला. वरच्या मजल्यावर राहत असाल तर पाण्याचं प्रेशर तपासा. टाकी नळाच्या दोन मीटरच वर असेल तर साधा गॅस गिझर पेटणारही नाही. एकदा चालू झाला की ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली किंवा गिझरच्या वर भिंत काळी पडली, तर त्याच दिवशी बंद करून सर्व्हिसिंगला माणूस बोलवा.

विजेचा गिझरही निर्धोक नाही, पण त्याचा धोका बंदोबस्त करता येण्यासारखा आहे. 3 किलोवॉटचा गिझर 13 अँपिअर ओढतो, त्याला 16 अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि खरं अर्थिंग लागतं. ‘खरं’ म्हणतो, कारण जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसऱ्या पिनमागे कित्येकदा वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच बसवा. अर्थिंग होणारच नसेल, तर विजेचा गिझरही लावू नका. 15 लिटरचा भरलेला गिझर पंचवीस किलोच्या घरात जातो, सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या) भिंतीला त्याच भिंतीचे फास्टनर लागतात. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून कुणी तो बंद करू पाहील, तर करू देऊ नका. टाकीतलं जास्तीचं प्रेशर बाहेर जायची तीच वाट आहे. बोअरच्या पाण्यावर गिझर चालत असेल तर वर्षा-दोन वर्षांनी आतला क्षार काढून घ्या.

गच्ची स्वतःची असेल आणि ऊन मिळत असेल तर सोलर या दोघांपेक्षा चांगला. फ्लॅटवाल्यांच्या हातात तो क्वचितच असतो.

थोडक्यात निवड अशी. उघडी बाल्कनी किंवा मोकळी बाहेरची भिंत आहे, घरात माणसं जास्त आहेत: गॅस घ्या, बिनधास्त. फ्लॅटला फक्त डक्टची खिडकी आहे: विजेचा स्टोरेज घ्या, महिन्याचे अडीचशे रुपये जाऊ द्यात. घरात म्हातारं माणूस किंवा एकटं आंघोळ करणारं मूल असेल, तर यात तडजोड नको.

भाड्याच्या घरात बाथरूममध्ये गॅस गिझर आधीच लावलेला असेल, तर मालकाला तो हलवायला सांगा. तोवर दार उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, बाथरूममध्ये दोन मिनिटं हवा खेळू द्या आणि मगच कडी लावा. आत गेलेलं कुणी हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, माणसाला उघड्यावर आणा, गॅसचा नॉब बंद करा आणि 108 ला फोन लावून गॅस गिझर चालू होता हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे ऑक्सिजन लगेच मिळेल.