छापील की ई-बुक?

छापील पुस्तकात पैसा आधी अडकतो. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात एक फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापला जाणारा पानांचा संच, १६ पानांचा. मजकूर १३० पानांवर गेला तर दोन पानांपायी नवा फॉर्म चढतो. अक्षर किंचित बारीक करून १२८त बसवा. सोलापूरच्या नवी पेठेतला दुकानदार कमिशन कापणारच. तिथल्याच हुतात्मा स्मृती मंदिर या सभागृहातल्या कार्यक्रमाला टेबल मांडता आलं, तर तेवढं वाचतं.

ई-बुकला छपाईखर्च नाही, पण श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल तशीच चढवली की जोडाक्षरांचा पार चुराडा! आधी युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, करा, मग रफार डोळ्यांनी तपासा. किंडलवर भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी तर ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेतली ‘सिलेक्ट’ योजना घ्यावी लागते, एरवी ३५. सिलेक्टमध्ये ९० दिवस ई-बुक इतरत्र विकता येत नाही. छापील प्रतींना ही अट नाही, म्हणून दोन्ही एकदमच काढावीत.